साडेअठरा हजारांची फुल सिस्टीम : अकरा महिन्यांनंतरचा अभिप्राय

माझ्याकडे २०१८ची केटीएम आरसी ३९० आहे. गेल्या वर्षी जानेवारीत तिला मी देशी बनावटीची एक फुल सिस्टीम, म्हणजे इंजिनच्या तोंडाशी बसणाऱ्या बेंड पाइपपासून मागच्या सायलेन्सरपर्यंतचा संपूर्ण संच, बसवून घेतली आणि डिसेंबरात ती उतरवून मूळचा सायलेन्सर पुन्हा चढवला. मधल्या काळात गाडी सव्वाआठ हजार किलोमीटर चालली. त्यात पुण्यातली रोजची ये-जा होती, ताम्हिणी आणि वरंध घाटाच्या फेऱ्या होत्या आणि एक संपूर्ण पावसाळा होता. संच बनवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे नाव येथे देत नाही. एका ग्राहकाच्या एका नगावरून कोणाच्या धंद्यावर शिक्का मारणे मला बरे वाटत नाही, आणि नाव कळून वाचकाचा फारसा फायदाही नाही. जे दोष मला भोवले, त्यांतले बरेचसे माल पेटीतून बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत दिसू शकले असते. फक्त कुठे पाहायचे ते ठाऊक असायला हवे होते, आणि मला ते नव्हते.

आधी एक कबुली देऊन टाकतो. मला ताकद वाढवायची नव्हती आणि वजनही कमी करायचे नव्हते. मला आवाज हवा होता. या गाडीचा मूळ आवाज इतका सभ्य आहे की सिग्नलला शेजारची बुलेट सुरू झाली की आपली गाडी बंद पडली की काय, म्हणून मीटरकडे पाहावे लागते. ३७३ सीसीचे एकच सिलिंडर, ८९ मिलिमीटरचा बोअर आणि ६० मिलिमीटरचा स्ट्रोक, सुमारे ४३ अश्वशक्ती, असे तापट इंजिन चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्याच्या तोंडाला घट्ट पट्टी बांधलेली असते. आधीच्या आरसीचा सायलेन्सर पोटाखाली होता; २०१७च्या सुधारित गाडीत तो उजव्या बाजूला आला आणि लांबलचक झाला. प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम पाळायचे तर एवढी जागा लागतेच, हे मला तेव्हाही कळत होते. पण दिसायला तो डबा मला कधी आवडला नाही.

संचाची किंमत साडेअठरा हजार आणि फिटिंगचे पंधराशे. स्टीलचा बेंड, मधला जोडपाइप, षट्कोनी सायलेन्सर, त्याला कार्बन फायबरची टोपी, सहा स्प्रिंगा, एक पट्टा आणि दोन स्टिकर. दुकानदाराने चुंबक लावून दाखवला. तो चिकटला नाही, म्हणजे स्टील ३०४ ग्रेडचे, असे त्याने सांगितले. ही परीक्षा खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. ३०४ला चुंबक जवळपास चिकटत नाही हे खरे. मात्र स्वस्तातल्या २०१ ग्रेडलाही तो तसाच चिकटत नाही, आणि उलट कंपन्या स्वतःच्या मूळ सायलेन्सरसाठी सर्रास वापरतात त्या ४०९ ग्रेडला तो घट्ट चिकटतो. निदान माझ्या संचाचा पत्रा तरी चांगला निघाला. पावसाळा काढूनही त्यावर गंज आला नाही, बेंडचा रंग आधी सोनेरी आणि मग निळसर झाला, आणि तो अजूनही सुंदर दिसतो. वजनाचा फरकही खरा होता. सामान मोजायच्या हुकाच्या काट्यावर मूळ संच पावणेसहा किलो भरला आणि नवा सव्वातीन.

फिटिंगला दोन तास लागले. त्या दोन तासांतल्या दोन गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आणि गप्प बसलो. पहिली म्हणजे, इंजिनच्या तोंडाशी बेंड बसतो तिथले जुने गॅस्केट, म्हणजे जोड घट्ट बंद करणारी कडी, फिटरने स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढले, पायजम्याला पुसले आणि परत बसवले. हे गॅस्केट एकदा आवळले की चेपते आणि त्याच खाचेपुरते आकार घेते. दुसऱ्या पाइपच्या तोंडावर ते पुन्हा तसेच बसेल याची खात्री नसते. नवे दोन-तीनशे रुपयांना मिळते. दुसरी गोष्ट, बेंड आणि जोडपाइप एकमेकांत सरकेनात म्हणून त्याने रबरी हातोड्याने चार फटके दिले, आणि तरीही जी फट राहिली तिच्यात लाल सिलिकॉन भरले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “दादा, गरम झाल्यावर आपोआप बसतं ते. पाचशे किलोमीटर चालू द्या, सेट होईल.”

गाडी सुरू केली तेव्हा आवाज अगदी हवा तसा निघाला, हे लिहायलाच हवे. खोल, कोरडा, थ्रॉटल दिल्यावर छातीत उमटणारा. पहिल्या संध्याकाळी मी उगाचच दोनदा पेट्रोल भरायला गेलो.

दुसऱ्या दिवसापासून एकेक तक्रार सुरू झाली. थ्रॉटल सोडला की मागून फटके येत. थांबलेल्या गाडीचे आरपीएम सोळाशेवर स्थिर राहण्याऐवजी तेराशे ते एकोणीसशेच्या मध्ये झोके घेत आणि सिग्नलला दोनदा गाडी बंद पडली. साडेतीन ते पाच हजार आरपीएमच्या पट्ट्यात, म्हणजे शहरात जिथे आपण दिवसभर असतो तिथेच, पिकअप असे बसे की थ्रॉटल फिरवल्यावर गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी वाटे. ॲव्हरेज सत्तावीसवरून एकवीसवर आले. दुकानात गेलो तर फटक्यांबद्दल उत्तर मिळाले, “अहो, लोक त्याच्यासाठीच लावतात की!” बाकीच्या तक्रारींवर तोडगा म्हणून इंजिनला मिळणारे पेट्रोल कमी-जास्त करणारा, बारा हजारांचा एक फ्यूएल कंट्रोलर काउंटरवर ठेवण्यात आला.

कंट्रोलर विकत घेण्यापूर्वी मी थांबलो, आणि या प्रकरणातला माझा एवढा एकच निर्णय बरोबर ठरला. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सर हा नुसता धूर बाहेर सोडणारा पाइप नसतो. बेंडवर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याला गॅरेजमध्ये ओटू सेन्सर म्हणतात. जळून बाहेर पडलेल्या वायूत प्राणवायू उरला आहे की नाही ते पाहून तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळवतो, आणि पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग हे प्रमाण राखण्यासाठी ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. आता बेंडच्या जोडात, सेन्सरच्या जवळ, फट असेल तर काय होईल? सायलेन्सरमध्ये दाब असतो म्हणून फटीतून वायू फक्त बाहेरच येईल असे वाटते, पण तसे नाही. दर स्फोटानंतर दाबाची एक लाट पाइपमधून धावते आणि तिच्यामागे क्षणभर उणा दाब तयार होतो. त्या क्षणी फट बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला तो प्राणवायू दिसतो, पेट्रोल कमी पडते आहे असा त्याचा समज होतो आणि ईसीयू बिचारा इमानदारीने जास्त पेट्रोल सोडू लागतो. झोके घेणारे आरपीएम, घसरलेले ॲव्हरेज आणि प्लग काढून पाहिल्यावर त्यावर साचलेली कोरडी काळी काजळी, या तिन्ही गोष्टींचे मूळ त्या एका फटीत होते. फटकेही तेच सांगत होते. थ्रॉटल बंद केल्यावर ईसीयू पेट्रोल तोडतो, पण पाइपमध्ये उरलेल्या अर्धवट जळलेल्या वायूला फटीतून ताजी हवा मिळाली की तो तिथेच पेटतो.

फट शोधण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करून मी देवघरातली उदबत्ती बेंडच्या जोडापाशी धरली. धुराची सरळ वर जाणारी रेघ इंजिनच्या तोंडाशी नुसती थरथरली, पण बेंड आणि जोडपाइप जिथे मिळतात तिथे ती एका बाजूला वळून फटीत शिरली, बाहेर फेकली गेली, पुन्हा शिरली. इतक्या स्पष्टपणे की मी घरातल्यांना बोलावून दाखवले. बेंड तापायच्या आत हे करावे लागते, अर्ध्या मिनिटात हात मागे घ्यावा लागतो आणि पेट्रोलच्या नळीपासून निखारा लांब ठेवायचा असतो. निखाऱ्याची भीती वाटत असेल तर जोडाभोवती साबणाचे पाणी लावून सायलेन्सरच्या टोकाला फडके दाबून धरले तरी फुगे येतात.

संच उतरवून मी भोसरी एमआयडीसीतल्या एका आर्गन वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये नेला. तिथले काका तीसेक वर्षे स्टीलच्या पाइपांचेच काम करतात. त्यांनी बेंड हातात घेऊन आधी बाहेरचे टाके पाहिले, माशाच्या खवल्यांसारखे एकसारखे होते, आणि मग पाइपच्या तोंडात मोबाइलचा दिवा धरून आत पाहिले. “बाहेरून बोट ठेवायला जागा नाही,” ते म्हणाले, “आणि आतून बघा काय केलंय.” आत प्रत्येक जोडाच्या रेषेवर काळा, दाणेदार, जळलेल्या साखरेसारखा थर होता. स्टीलला वेल्डिंग करताना बाहेरच्या बाजूला टॉर्चमधून आर्गन वायू मिळतो, पण पाइपच्या आतही तो सोडावा लागतो. नाहीतर आतला तापलेला धातू हवेशी भिडतो आणि असा ठिसूळ होतो. आतून वायू सोडायला वेळ आणि पैसा लागतो आणि गिऱ्हाईक आत पाहत नाही. एका ठिकाणी धातूचा ओघळ पाइपच्या पोकळीत तीन-एक मिलिमीटर घुसला होता. त्याशिवाय बेंडचे टोक गोल नसून किंचित लंबगोल होते, आणि म्हणूनच हातोडा आणि सिलिकॉन लागले होते.

काकांनी दाखवलेला दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटला. ओटू सेन्सर ज्यात बसतो ती आट्यांची गोल बैठक बेंडच्या खालच्या अंगाला जोडलेली होती, म्हणजे सेन्सरचे तोंड वर आणि शेपूट जमिनीकडे. सेन्सर नेहमी आडव्या रेषेच्या वर, तिरका का होईना, बसवायचा असतो. थंड इंजिन सुरू केले की जळणातून निघालेली वाफ गार पाइपमध्ये पाणी होऊन तळाशी जमते. सेन्सरच्या आतली सिरॅमिकची कांडी काम करू लागण्यासाठी तीनशे अंशांच्या पुढे तापावी लागते, आणि अशा तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते. बैठक मूळ जागेपेक्षा बरीच मागेही होती, त्यामुळे वायर ताणून न्यावी लागली होती आणि तिचे आवरण बेंडला टेकून एका ठिकाणी चकाकले होते. काकांनी टोक गोल करून दिले, जोडाला नवी बाही लावली, ओघळ घासला. बैठक मात्र तेव्हा हलवली नाही. “आधी चालवून बघा” असे ते म्हणाले आणि मीही अकराशे रुपयांवर भागले म्हणून खूश झालो. जुलैत तो सेन्सर गेला. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला तो ताम्हिणीत, भर पावसात, आणि नवा सेन्सर व बैठक वरच्या अंगाला हलवण्याचे काम यांचा खर्च पाच हजारांच्या पुढे गेला. यात पहिल्या दिवशी न पाहण्याची चूक माझी आणि दुसऱ्यांदा पाहूनही टाळण्याची चूकही माझीच.

फट बुजल्यावर गाडी पुष्कळ सुधारली. आरपीएम स्थिर झाले, फटके पाव हिश्श्यावर आले, ॲव्हरेज पंचवीसच्या घरात गेले. साडेतीन ते पाच हजारांमधला खड्डा मात्र भरला नाही, कारण तो फटीचा नव्हताच. नव्या बेंडचा व्यास मूळ बेंडपेक्षा डोळ्यांना दिसेल इतका मोठा होता. मोठ्या व्यासाचा पाइप वरच्या आरपीएमला मोकळा श्वास देतो, पण खालच्या आरपीएमला वायूचा वेग मंदावतो, दाबाच्या लाटा चुकीच्या वेळी परततात आणि जळलेला वायू सिलिंडर नीट रिकामे करत नाही. चार सिलिंडरच्या गाडीत एकमेकांच्या लाटा एकमेकांना सावरून घेतात. एकट्या सिलिंडरला तो आधार नसतो. मी गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली नाही, त्यामुळे अश्वशक्ती किती वाढली हा आकडा देण्याचा मला अधिकार नाही. पण हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने मीटरचे चित्रण करून, एकाच रस्त्यावर, सकाळी सहाला, पाचव्या गिअरमध्ये ५० ते ८० किलोमीटरचा वेग गाठायला लागणारा वेळ मोजला. मूळ सायलेन्सरवर तीन फेऱ्यांची सरासरी ४.४ सेकंद होती. दुरुस्तीनंतरच्या नव्या संचावर ती ५.१ आली. म्हणजे ओव्हरटेक करताना ज्या पट्ट्यात जोर लागतो, तिथे माझी गाडी आवाजाने वेगवान आणि प्रत्यक्षात हळू झाली होती. आठ हजारांच्या पुढे ती मोकळी धावते असे जाणवे. पण पुण्याच्या रस्त्यावर आठ हजार आरपीएम आठवड्यातून किती वेळा दिसतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आता फ्यूएल कंट्रोलरबद्दल, कारण दुकानदार हटकून तोच उपाय सांगतात. माफक थ्रॉटलवर, एकसारख्या वेगात, ईसीयू सेन्सरचे ऐकून पेट्रोल ठरवतो. थ्रॉटल पूर्ण उघडला की तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून कारखान्यात भरलेल्या तक्त्यावर चालतो. त्यामुळे माझ्या गाडीत एकाच वेळी दोन उलट दोष नांदत होते. खाली, सेन्सर फसल्याने, पेट्रोल जास्त. आणि वर, पाइप मोकळा पण तक्ता जुनाच असल्याने, पेट्रोल कमी. नुसता खालचा भाग सुधारला म्हणून वरचा सुधारत नाही, आणि पेट्रोल कमी पडलेले इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तापते. कंट्रोलर इंजेक्टरच्या वायरींच्या मध्ये बसून हा आकडा बदलतो. मात्र ओटू सेन्सर जोडलेला राहिला तर माफक थ्रॉटलवर ईसीयू तो बदल हळूहळू पुसून टाकतो, म्हणून सेन्सरच काढून त्याच्या जागी त्याला फसवणारा एक खोटा प्लग लावतात. मग खरा मेळ घालायचा तर गाडी डायनोवर चढवून, हवा-पेट्रोलचे नेमके प्रमाण सांगणारा वेगळा वाइडबँड सेन्सर पाइपात घालून, दर पाचशे आरपीएमला प्रमाण तपासत बसणारा जाणकार माणूस हवा. दुकानदाराकडे डायनो नव्हता. त्याच्याकडे “या गाडीचा रेडी मॅप” होता. दुसऱ्या कोणत्या तरी पाइपसाठी, दुसऱ्या कोणत्या तरी आरसीवर बनवलेला तक्ता माझ्या लंबगोल बेंडला कसा लागू पडेल, याचे उत्तर मला मिळाले नाही, म्हणून मी ते यंत्र घेतले नाही. साडेअठरा हजारांच्या संचाची खरी किंमत काढायची तर हे सगळे त्यात धरावे लागेल, आणि तेव्हा ती चाळिशीकडे सरकते.

ऑगस्टच्या सुमारास आवाज बदलला. खोलपणा गेला आणि पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखी खरखर आली. अशा सायलेन्सरच्या आत छिद्रे असलेली नळी असते आणि तिच्याभोवती काचलोकरीचे वेष्टन. ध्वनी छिद्रांतून लोकरीत शिरतो आणि तिथे जिरतो. ही लोकर कालांतराने जळते आणि उडते, हे कोणत्याही चांगल्या कंपनीच्या रेसिंग सायलेन्सरलाही चुकत नाही, तिथे ती ठरावीक काळाने बदलण्याची सोयच ठेवलेली असते. माझ्या संचात मागची टोपी रिव्हेट मारून बंद केली होती. रिव्हेट ड्रिल करून उघडली तर आत पुढच्या अर्ध्या भागात लोकर उरलीच नव्हती, आणि मागच्या भागात ती घट्ट न भरता नुसती गुंडाळून कोंबलेली होती. लोकर गेली की ज्वाळेची धग सरळ बाहेरच्या पत्र्याला आणि टोपीला लागते. कार्बन फायबरच्या टोपीवरचा चकाकता लेप तोवर पिवळा पडून भेगाळला होता. नवी लोकर भरताना हातमोजे आणि मास्क वापरावा. मी वापरला नाही आणि दोन दिवस कोपरापर्यंत खाजत होतो.

याच वेळी मागचे चाक काढले असताना जे दिसले, त्यासाठी या संचाला मी सर्वांत कमी गुण देईन. आरसीचा सायलेन्सर उजवीकडे, मागची डिस्क उजवीकडे आणि तिच्याकडे जाणारी ब्रेकची नळीही उजवीकडेच. नवा जोडपाइप मूळ पाइपपेक्षा बोटभर आत वळला होता आणि त्याला उष्णतारोधक पत्रा नव्हता. मागचे चाक धरणारा स्विंगआर्म दाबला गेला, म्हणजे मागे कोणी बसले किंवा खड्डा आला, की नळी त्या पाइपच्या इतकी जवळ येत असे की तिच्या रबरी आवरणावर एक चपटा, तुकतुकीत डाग पडला होता. नखाने दाबले तर तिथले रबर कडक लागत होते. डॉट ४ दर्जाचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषते आणि ओल धरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना मागचा ब्रेक एकदोनदा पोकळ लागला होता, आणि तेव्हा मी त्याचे खापर पॅडवर फोडले होते. त्या दिवशीच नळी आणि तेल बदलले आणि नळी पट्टीने स्विंगआर्मला जखडली.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो वादाचा विषय नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ बनावटीपासून दूर जातील असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले आहे. आवाज आणि धूर यांची मानके मोडल्याबद्दल कलम १९०(२) लागते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्यावर गदा, अशी तरतूद आहे. १७५ सीसीवरील मोटारसायकलला कारखान्यातून निघतानाच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा असते. दुकानदार डीबी किलर नावाची एक छोटी नळी सायलेन्सरच्या तोंडात बसवून देतो आणि “पोलीस दिसले की लावा” असे सांगतो, जणू ती हेल्मेट आहे. एका स्क्रूने बसणारी ही नळी तापल्यावर चिकटते आणि रस्त्याच्या कडेला तर निघतही नाही, बसतही नाही. ती लावूनही गाडी मूळ आवाजाच्या आसपास आली नाही. सप्टेंबरात मला चौकात थांबवले, मी दंड भरला, आणि हुज्जत घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. विम्याचा प्रश्न तर आणखी वेगळा. न कळवता केलेल्या बदलावर दाव्याच्या वेळी बोट ठेवले जाते. फुल सिस्टीम लावली की धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो, हे पेटीवर कुठेच लिहिलेले नव्हते. मला ते पीयूसीच्या यंत्रावर कळले.

घरच्यांचे मत मी विचारले नव्हते, ते न विचारता मिळाले. रात्रपाळी करून सकाळी झोपणारे शेजारी काही बोलले नाहीत, त्यांनी नुसती खिडकी बंद केली. त्यानंतर रोज सकाळी मी गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत ढकलत नेत असे. दीडशे किलोंच्या वरची गाडी, चढ आणि पाठीवर बॅग.

डिसेंबरात मूळ संच चढवताना नवे गॅस्केट टाकले, स्टड साफ करून नट दोन टप्प्यांत सारखे आवळले, आणि उदबत्तीची परीक्षा पुन्हा घेतली. धुराची रेघ सरळ वर गेली. पहिल्या टाकीला ॲव्हरेज चोवीस आले, तिसऱ्या टाकीपर्यंत सत्तावीसवर परतले. ईसीयूला आपले शिकलेले विसरायला तेवढा अवधी लागला असावा. स्विंगआर्मवर जोडपाइपच्या धगीने पडलेला पिवळसर डाग राहिला आहे, तो निघणार नाही.

दुकानदाराबद्दल एवढे म्हणेन की तो उद्धट नव्हता. तिन्ही वेळा त्याने चहा पाजला, फोन उचलला आणि एकदा स्प्रिंग फुकट दिली. पण त्याला पाइप विकता येत होता, पाइप आणि इंजिन यांचा मेळ घालता येत नव्हता, आणि हे दुसरे कामही आपले आहे असे त्याला वाटत नव्हते. शेवटी तो संच सहा हजारांना परत घ्यायला तयार झाला. पॉलिश करून पुढे देऊ म्हणाला. पत्र्याला मी पाचापैकी चार गुण देतो, आवाजाला पहिल्या सहा महिन्यांसाठी पाच, बनावटीला दीड, मापांना एक आणि ब्रेकच्या नळीजवळून पाइप नेणाऱ्याला शून्य. संच मी त्याला दिला नाही. सायलेन्सर घराच्या माळ्यावर पोत्यात आहे. बेंड भोसरीच्या काकांनी मागून घेतला आणि लांबीच्या दिशेने मधोमध कापला; नवीन पोरे कामाला आली की बाहेरचा टाका आधी दाखवायचा आणि मग तुकडा उलटा करायचा, म्हणून तो त्यांच्या टेबलावर, व्हाइसच्या बाजूला, पडलेला असतो.